दोन्ही हातांत चहा

“...आणि आता कुठला कोर्स करू, सर?”

प्रणोती भोकरेनं हे विचारलं तेव्हा मी भिंतीवरचं चाक फिरवत होतो. माझा खांदा आखडला होता. खांदा आखडलेल्या माणसाला मगदूम सर ते चाक फिरवायला लावतात आणि विसरून जातात. निदान मला तरी तसं वाटायचं.

मिरजेत मार्केटमागच्या गल्लीत सरांचं फिजिओथेरपीचं केंद्र आहे. एकच लांब खोली. त्यामुळे कुणाचं दुखणं, कुणाचं बोलणं, सगळं सगळ्यांचं. प्रणोती तिथं वर्षापूर्वी लागली. परीक्षेत पहिली आलेली, हातात खरंच कसब असलेली. पण घाई अशी, की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

“आधी सांधे मोकळे करायचा कोर्स,” ती म्हणाली. “मग खेळाडूंचा. मग सुया टोचून उपचारांचा. मग पुणे. पाच वर्षांत स्वतःचं क्लिनिक. हा क्रम बरोबर ना, तेवढं फक्त सांगा.”

सर टॉवेलची घडी घालत होते. घडी झाली. ती मोडून त्यांनी पुन्हा घातली.

“तुझे पेशंट काय म्हणतात?”

पोरगी फुलली. “वर्षभरात एकही पेशंट मला सोडून गेला नाही, सर. सिकंदरचाचा तर दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत.”

“अरेरे,” सर म्हणाले.

...

“म्हणजे?”

“म्हणजे वाईट झालं.”

खरं सांगतो, मला सरांचा राग आला. पोरगी मान मोडून काम करते, आणि हा माणूस अरेरे म्हणतो. चाळीस पोरांच्या वर्गात मी उभा जन्म काढला, पण पहिल्या आलेल्या पोराला असं कधी बोललो नाही.

“मास्तर, चाक,” सर मागे न बघता म्हणाले.

मी चाक फिरवायला लागलो.

सिकंदरचाचांचं सांगितलं पाहिजे. चाचा सतारी करतात. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. हाड छान जुळलं. आता जमिनीवर बसा-उठायला हरकत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. चाचा बसायला शिकले. उठणं मात्र जमेना.

आणि सतारीचं काम तर जमिनीवरच. भोपळा मांडीत घेऊन बसायचं, ह्या बाजूनं बघायचं, त्या बाजूनं बघायचं, पटाशी हवी असली की उठायचं. मुलानं हौसेनं टेबल-खुर्ची आणून ठेवली. चाचांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला. मग मुलगा काखेत हात घालून त्यांना उचलायला लागला, गिऱ्हाइकासमोर. त्या दिवसापासून चाचांनी दुकानात जाणं सोडलं.

“ज्याला उठवायला माणूस लागतो, तो कारागीर कसला,” म्हणायचे.

दुकानात आढ्याला एक भोपळा टांगलेला होता. वर्षानुवर्षं वाळवलेला, खास राखून ठेवलेला. त्याची सतार चाचांच्या हातून व्हायची की भोपळा तसाच लोंबत राहायचा, एवढंच आता ठरायचं होतं. हे प्रणोतीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं?

“चाचा उठतात की, सर,” प्रणोती म्हणाली. आवाज जरा चढला होता. “रोज गादीवरून उठतात. तुम्ही बघताच.”

“उठवतं कोण?”

“मी.”

“दमतं कोण?”

ती सरांच्या हातातल्या टॉवेलकडे बघायला लागली.

“उठतात चाचा, आणि घाम तुला,” सर म्हणाले. “असं कसं गं?”

...

तेवढ्यात चाचा आले. काठी टेकत, सगळ्यांना सलाम करत. गादीवर बसले, पाय पसरले, आणि नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले.

“ये बेटी.”

प्रणोती निघाली. सरांनी तिला थांबवलं. किटलीतला चहा दोन ग्लासांत काठोकाठ ओतला.

“हा धर.”

तिनं धरला.

“हाही धर.”

दोन्ही हात गुंतले. सरांनी गादीच्या पलीकडे एक बुटकं स्टूल ठेवलं आणि तिला त्यावर बसवलं, चाचांच्या अगदी समोर.

“एक तुझा, एक चाचांचा. सांडायचा नाही.”

“मग चाचांना देऊन येते.”

“ते घ्यायला येतील.”

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. चाचा एकदा तिच्याकडे बघतात, एकदा सरांकडे. पण सरांनी ताकास तूर लागू दिली नाही.

“डॉक्टर, ही काय चेष्टा?”

“चहा गार होतोय, चाचा.”

“आणि पडलो तर?”

“मी आहे.”

“कुठं?”

“मागं.”

सर खरोखरच मागे जाऊन उभे राहिले. चाचांना ते दिसत नव्हते. मला दिसत होते. गुडघे जरा वाकवलेले, हात पुढे, विकेटकीपर उभा राहतो तसे. पण हात कुठंही लागत नव्हते. चाचांच्या आणि त्यांच्या मध्ये वीतभर जागा होती, आणि ती जागा सर सोडत नव्हते.

चाचांनी हात पुढे केले. सवय. समोर कुणी आलं नाही. हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले, मग मांडीवर आले.

“बेटी...”

प्रणोती अर्धी उठली. चहा हिंदकळून बोटांवर आला. चांगला कढत होता, पण तिनं ग्लास सोडला नाही.

“बस,” सर म्हणाले.

ती बसली. ओठ दाताखाली घट्ट धरलेला. मी पुष्कळ परीक्षा घेतल्यात, पण इतकी अवघड परीक्षा कुणाची बघितली नाही. येतं ते करायचं नाही. नुसतं बसायचं.

...

चहावर साय धरली.

चाचा रागावले होते, हे त्यांच्या कानावरून कळत होतं. कान लाल झाले होते. आम्हाला वाटलं, आता काठी मागतील आणि घरी जातील. पुन्हा तोंड दाखवणार नाहीत.

मग ते डाव्या कुशीवर वळले.

तळहात टेकले. थांबले. गुडघ्यांवर आले.

“डावा पाय...” प्रणोतीच्या तोंडून निघालंच. सरांनी ओठावर बोट ठेवलं. तिनं उरलेलं गिळलं.

चाचांनी डावा पाय पुढे घेतला. पाय घसरला. ते पुन्हा गुडघ्यांवर आले, धापा टाकत. सरांचे हात पाठीपाशी गेले, आणि न लागता परत आले.

खोलीत कुणी हलेना. चाचा मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. नीट ऐकलं तर वेगळंच.

“पाय जवळ. वजन पुढं. नजर समोर. घाई नाही...”

प्रणोतीचे डोळे मोठे झाले. तिचेच शब्द होते ते. रोज उठवताना ती जे बडबडायची, ते. आम्हाला पाठ झालं होतं, तेव्हा चाचांना का होणार नाही? फक्त तिचे हात इतके तयार होते, की त्या शब्दांना कधी कामच पडलं नव्हतं.

डावा पाय पुन्हा पुढे आला. जवळ. हात मांडीवर रेटला. नजर समोर, चहाच्या ग्लासावर.

आणि सिकंदरचाचा उठले.

सरळ उभे राहिले. जरा डुलले, सावरले, गादीवरून चालत गेले आणि प्रणोतीच्या उजव्या हातातला ग्लास घेतला. उभ्याउभ्याच प्यायले, सायीसकट.

“पार थंड केलास,” ते म्हणाले.

मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. “बेटी, तुझा हात लागला नाही.”

“नाही लागला, चाचा.” ती पण रडत होती. एका हातात अजून ग्लास, मोकळ्या हातानं डोळे पुसत. “अजिबात नाही लागला.”

“थांब, पुन्हा दाखवतो.”

आणि चाचा मुद्दाम खाली बसले, आणि पुन्हा उठले. ह्या खेपेला चहासुद्धा नव्हता समोर. नुसती मिजास. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

“मास्तर,” सर म्हणाले, “हात बघा कुठं गेलाय.”

डोक्याच्या वर गेला होता. बघितल्यावर दुखला, पण गेला होता.

पुढचे काही दिवस प्रणोती रोज दोन ग्लास भरून स्टुलावर बसायची. चाचा तिला चहावाली म्हणायला लागले. एकदा चहा कोमट होण्याआधी पोचले, तर अख्ख्या खोलीला सांगत सुटले. हळूहळू तिनं स्टूल मागे न्यायला सुरुवात केली. मग समोरून उठून चाचांच्या पाठीमागे उभी राहायला लागली, गुडघे जरा वाकवून, वीतभर जागा सोडून. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कोर्सचं तिनं पुन्हा विचारलं नाही. सरांनीही विषय काढला नाही.

आणि एक दिवस चाचा आलेच नाहीत.

प्रणोतीनं गादी घालून ठेवली होती. सारखी दाराकडे बघत होती. दुसऱ्या दिवशीही गादी रिकामीच राहिली. मग तिनं त्यांच्या घरी फोन लावला. स्पीकरवर लावला होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. चाची बोलत होत्या.

“दुकानात आहेत. तो वरचा भोपळा उतरवला काल. मांडीत घेऊन बसलेत.”

“चाची, उठायला कोण आहे तिथं?”

“कोण कशाला? मी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, आता उठता येतं, म्हणून उठत नाही.”

तिनं फोन ठेवला. थोडा वेळ रिकाम्या गादीकडे बघत राहिली. मग वाकली आणि गादी गुंडाळली. चेहरा असा, की हसतेय का रडतेय, सांगता येऊ नये. मला विचाराल तर दोन्ही. लेक नांदायला गेली की आईबापांचं होतं तसं काहीतरी.

ती सरांपाशी आली. सर टॉवेलची घडी घालत होते.

“सर, चाचा आजही आले नाहीत.”

“उद्या?”

“उद्याही नाही येणार.”

“परवा?”

“नाही, सर.” तिची मान ताठ होती. “आता ते येणारच नाहीत.”

...

सरांनी टॉवेलची घडी घातली. ह्या वेळी एकदाच. मग ते बुटकं स्टूल पायानं पुढे सरकवलं, तिला बसायला.

माझं चाक थांबलं होतं. कुणी मला बोललं नाही.

“पेढे आण,” सर म्हणाले. “मग कोर्सचं बोलू.”