वीस पोती, दोन जागी

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका बंदरात मिरीचा व्यापार करणारी एक बाई राहत होती, आणि तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कारण एवढंच, की तिची वीस पोती एकाच वेळी दोन ठिकाणी होती.

झालं होतं असं. दक्षिणेकडून तिने चाळीस पोती मिरी मागवली, ती गावच्या पेढीकडून कर्ज काढून. पेढीवाले आजोबा कोठारातला माल तारण धरून त्याच्या किमतीच्या रुपयामागे बारा आणे कर्ज देत. माल अजून गलबतात असेल, तर आठच आणे. शिवाय माल चढवल्याची तांडेलाची पावती, म्हणजे बिल्टी, पेढीच्या पेटीत राहायची आणि विमाही पेढीच्या नावाने उतरवायचा.

"वाटेतल्या मालावर एवढा अविश्वास का हो, आजोबा?" तिने एकदा विचारलं होतं.

"अविश्वास कसला? कोठारातल्या पोत्यावर मला हात ठेवता येतो, बाई. गलबतातल्या पोत्यावर नुसती आशा ठेवायची. आशेला निम्मा भाव देतो, तो काय कमी झाला?"

दर पुनवेला तिने पेढीला यादी द्यायची: कोठारात किती, वाटेवर किती. यादी खोटी निघाली, तर कोठाराची किल्ली त्याच दिवशी पेढीकडे.

या खेपेला गलबत जड झालं, म्हणून तांडेलाने मधल्या बंदरात अर्धी पोती एका पडावात, म्हणजे लहान मालवाहू होडीत, उतरवून पुढे धाडली. ती वीस पोती आली आणि कोठारात रचली गेली. पुनवेला बाई यादी करायला बसली. कोठारात: वीस. वाटेवर किती, ते तिने बिल्टीच्या नकलेत बघून लिहिलं: चाळीस. बाई शिकलेली होती, त्यामुळे चूक अगदी वळणदार अक्षरात झाली. पेढीने साठ पोत्यांवर पैसे दिले आणि बाईने जास्तीचे पैसे वेलचीच्या सौद्याला विसार म्हणून देऊनही टाकले.

मग एका दुपारी तिची सात वर्षांची मुलगी कोठारात पोती मोजत होती. "आई, इथे वीस. समुद्रात किती राहिली?"

"चाळीस," बाई म्हणाली, आणि तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

त्याच गलबतात, त्याच पेढीच्या कर्जावर मागवलेला, गावातल्या सुपारीवाल्याचाही माल होता आणि त्याचीही निम्मी पोती पडावातून आली होती. चौथ्या दिवशी सकाळी बाई त्याच्या दुकानात गेली.

"भाऊ, यादीत वाटेवरची पोती किती लिहिलीत?"

"चाळीस. बिल्टी काय म्हणते? चाळीस."

"पण त्यातली वीस तर तुमच्या पाठीमागे रचलीयत!"

सुपारीवाला हसला. "ताई, आठ दिवसांत गलबत लागेल. सगळी पोती एका कोठारात येतील, मग कोण विचारतंय? चूक आपली आपण मिटते. तुम्ही उगाच जाऊन ढोल वाजवू नका."

बाई घरी आली. त्याचं म्हणणं तिला पटत होतं, आणि भीती तिला त्या पटण्याचीच वाटली. पेढीत जाऊन सांगावं, तर किल्ली जाणार. किल्ली गेली, तर धंदा गेला. न सांगावं, तर आठच दिवस कळ काढायची. आपण प्रामाणिक आहोत की नुसत्याच घाबरट, हेही तिला धड ठरवता येईना. शेवटी तिने कोठाराची किल्ली कनवटीला लावली, मुलीचा हात धरला आणि पेढी गाठली.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. यादी काढली, चष्मा लावला, पुन्हा वाचली.

"एवढं शिकून वीस आणि वीस चाळीस होतात, हे जमलं नाही?"

"नाही जमलं."

"किल्ली आणलीय?"

तिने ती गादीवर ठेवली. आजोबांनी ती बोटाने तिच्याकडेच सरकवली. "खोट्या यादीला किल्ली. ही चुकलेली यादी आहे, ती दुरुस्त करता येते. जास्तीचे पैसे मात्र आठ दिवसांत परत पाहिजेत. त्यात सूट नाही."

बाईने वेलचीचा सौदा मोडला. वेलचीवाल्याने चौथाई विसार कापून घेतला. ती तूट भरायला घरातले तांब्याचे दोन मोठे हंडे विकावे लागले. सुपारीवाला येता-जाता विचारी, "काय ताई, पाणी आता लोटक्यात तापवता का?"

सातव्या दिवशी बातमी आली. गलबत खडकावर आपटलं. माणसं वाचली, माल गेला.

विमेकरी आला तो पडावाची नोंद घेऊनच. पेढीतल्या बाईच्या दुरुस्त यादीत वाटेवर वीस, नोंदीप्रमाणेही वीस. भरपाई पेढीत जमा झाली आणि तिचं तेवढं कर्ज फिटलं. सुपारीवाल्याच्या यादीत मात्र अजून चाळीस पोती समुद्रात होती.

"बुडाली म्हणता, त्यातली वीस तर इथे कोरडी ठणठणीत!" विमेकरी म्हणाला, आणि त्याने सगळाच दावा फेटाळला. सुपारीवाल्याची किल्ली त्या संध्याकाळी पेढीत गेली. ती सरकवून परत दिली गेली नाही.

पेढीतून मुलीसोबत घरी येताना बाईला वाटलं, आता आईने काहीतरी शिकवायला हवं. ती मुलीला म्हणाली, "बघ हं, तात्पर्य: वाटेवरची वस्तू घरात आली, की वाटेवरून खोडायची. एकाच वस्तूवर दोनदा भरवसा मागितला, तर पहिलाही जातो."

मुलीने आईचा पदर ओढला.

"आई, आणि गलबत आपटलंच नसतं तर?"