शिरपाने बंपर काढला

एका गावात एक भोळा शिरपा होता. त्याला आडनावही होतं, पण ते कुणाला लागायचं नाही. 'भोळा शिरपा' म्हटलं की पत्ता पुरा व्हायचा.

शिरपाचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, शिरपाशी दोन शब्द बोलायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. कळवायचं कुणीच नाही. आई देव पाण्यात घालून बसली होती. अशात एक दिवस डोंगरवाडीचे हिंदुराव तात्या आपल्या वैजूसाठी मुलगा बघायला येतो म्हणाले. फाट्यावरून त्यांना आणायला शिरपाच्या आनंदामामाची गाडी सांगितली होती. आणि नेमकी त्याच सकाळी गाडी धापा टाकायला लागली.

"हवेच्या नळीत उंदरानं घर केलंय," मामा म्हणाला. "बंपर काढल्याबिगर आत हात जायचा न्हाई. शिरपा, काढ बंपर."

शिरपाने गाडीला पाय लावला, बंपरला मिठी मारली आणि ओढला. कडाड! बंपर आला. एक दिवाही आला. दोन्हींच्या खाली शिरपा होता.

"आरं खुळ्या! असं ओढत्यात व्हय? आधी स्क्रू काढायचे, मग वस्तूला हात लावायचा!"

"बरं मामा. आता तसंच करतो."

मामाने कपाळाला हात लावला. "जा, आतनं माझा चष्मा आण. बंपरच्या किती क्लिपा मोडल्या बघू दे."

शिरपा गेला तो लवकर येईना. आला तेव्हा त्याच्या एका हातात दोन काचा होत्या आणि दुसऱ्या हातात दोन काड्या.

"आधी स्क्रू काढले," शिरपा म्हणाला. "मग हात लावला."

"आणि स्क्रू कुठायत?"

"पडले कुठंतरी."

"पडले? आरं, काढलेली वस्तू डब्यात टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं. एवढं कळत न्हाई?"

"बरं मामा. आता तसंच करतो."

तेवढ्यात आतून आई ओरडली, "शिरप्या, मांजर दुधात तोंड घालतंय. काढ त्याला भाईर!"

शिरपाने मांजर काढलं, डब्यात टाकलं, झाकण घट्ट लावलं. डबा पिठाचा होता. थोड्या वेळाने आई पुरणपोळीसाठी पीठ घ्यायला गेली, तर डब्यातून एक पांढरं भूत निघालं आणि तिच्या डोक्यावरून उडी मारून अंगणात पळालं.

आई आधी किंचाळली, मग रडली. "आरं, जित्या जिवाला कोंडून मारतोस व्हय? मोकळं सोडायचं त्याला!"

"बरं आई. आता तसंच करतो."

इकडे मामाने चाचपडत हवेची नळी सोडवली. आतून उंदरीण निघाली, मागे तिची पिल्लं. "धर, धर!" मामा ओरडला. शिरपाने सगळी धरली. घरात नेली. पाहुण्यांसाठी घातलेल्या नव्या सतरंजीवर मोकळी सोडली.

आईने लाटणं खाली ठेवलं. ती देवापुढे जाऊन बसली.

शेवटी आतला हवेचा फिल्टर निघाला. धुळीने नुसता माखलेला. मामा म्हणाला, "नीट बघून ठेव. ह्यात धूळ अडकली की गाडीचा दम कोंडतो. पाणी लावायचं न्हाई. उलटा धरायचा, पाठीवर थापट्या मारायच्या, मग जोरात फुंकायचं."

"बरं मामा. कधी लागलं तर तसंच करतो."

गाडी काही वेळेत तयार झाली नाही. हिंदुराव तात्या फाट्यावर वाट बघून कंटाळले आणि धुळीच्या रस्त्याने चालत आले. घामाघूम झालेले. त्यांनी बसल्या बसल्या सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि ठसका लागला. डोळे पांढरे झाले.

"पाणी आणा, पाणी!" मामा ओरडला.

"पाणी लावायचं न्हाई!" शिरपा म्हणाला. "दम कोंडलाय." आणि त्याने तात्यांचे दोन्ही पाय धरून त्यांना उलटं केलं. टोपी पडली. धप, धप, धप! पाठीवर थापट्या घातल्या आणि खाली वाकून तोंडावर जोरात फुंकर मारली. सुपारीचं खांड टुणकन बाहेर पडलं.

घरात कुणी श्वास घेईना. तात्या तेवढे घेत होते. टोपी झटकून ते म्हणाले, "पोरानं मरणाच्या दारातनं आणलं मला. दिली माझी वैजू!"

आईला खरंच वाटेना. ती देवाला पाण्यातून काढून पुसत बसली.

संध्याकाळी मामाने कशीबशी गाडी जोडली. मग त्याला शिरपाने झाकण घट्ट लावून ठेवलेल्या डब्यात गाडीचे मूठभर स्क्रू उरलेले दिसले. मामाचा संताप झाला. "आरं, काढलेलं सगळं जिथनं काढलं तिथंच परत बसवायचं! टक् आवाज येईस्तोवर दाबायचं. आपल्यापाशी काही उरलं, तर काम चुकलं म्हणून समज!"

"बरं मामा. आता तसंच करतो."

लग्न डोंगरवाडीत थाटात झालं. पाठवणीला वैजूची आई हुंदके देत म्हणाली, "पोरगी काढून दिली हो, आमचं घर रिकामं झालं!" शिरपाला फार वाईट वाटलं. मामा वऱ्हाड घेऊन टेम्पोने पुढे गेला. मागून गाडीत नवरा-नवरी निघाले. गाडी शिरपा चालवत होता.

इकडे उंबऱ्यावर माप ठेवलेलं, आई ओवाळायला ताट घेऊन उभी. सगळं गाव जमलेलं. फार उशिराने गाडी आली. वाजंत्री सुरू झाली. शिरपा मुंडावळ्या सावरत एकटाच खाली उतरला.

मामाने गाडीत डोकावून बघितलं. "आरं, नवरी कुठाय?"

"जिथनं काढली, तिथं परत बसवून आलो," शिरपा म्हणाला. "न्हाई न्हाई म्हणत हुती. पण दार टक् वाजेस्तोवर दाबलं. बघ मामा, आपल्यापाशी काहीसुदिक उरलं न्हाई!"