विहिरीतून आलेला आवाज

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला एकच विहीर होती. विहिरीला लागून पार. रीत अशी, की म्हाताऱ्यांनी पारावर बसून निर्णय घ्यायचा, एका धोंड्याला कोरं फडकं गुंडाळायचं आणि तो विहिरीत सोडायचा. म्हणजे निर्णय पक्का. धोंडे वाहून आणायचे तरण्या पोरापोरींनी. त्यांनी तोंड उघडलं, की पाटील खेकसायचा, "गप्प बसा!"

एका वर्षी उन्हाळा लांब असतानाच विहीर आटू लागली. हंडा बुडेना.

पाटील विहिरीत वाकून ओरडला, "आई, पाणी दे!"

खालून आवाज आला, "गप्प बसा!"

आवाज पाटलाचाच होता. म्हातारे मागे सरकले.

मग हाक न मारताही तो आवाज येऊ लागला. बायका पाणी शेंदायला गेल्या, की खालून पाटील खेकसायचा, आणि पाटील तर घरी जेवत बसलेला असायचा!

म्हाताऱ्यांनी काय करावं? आणखी एक धोंडा टाकला. तो पाण्यात पडलाच नाही, धोंड्यावर आपटला.

पाटलाने तरण्यांना बोलावलं. "उतरा, गाळ उपसा."

कुंभाराची पोरगी पुढे झाली. "गाळ नाही तो, पाटीलबाबा. तुमचे धोंडे आहेत. झरा त्यांच्याखाली दबलाय. आम्ही पोहायला उतरतो ना!"

"मग आजवर बोलली का नाहीस?"

उत्तर विहिरीनेच दिलं, "गप्प बसा!"

एक म्हातारा पुटपुटला, "वाडवडलांचे शब्द आहेत ते. हात लावायचा नाही."

"मग राखत बसा धोंडे. आम्ही चाललो गाव सोडून," पोरगी म्हणाली. "काढायचे असतील तर काढू, पण हमाल म्हणून नाही. काय करायचं ते आमच्याशी बोलून ठरवा."

पाटलाच्या ओठांवर तेच दोन शब्द आले. विहीर एकदम शांत झाली, कान लावून बसल्यासारखी. पाटलाने शब्द गिळले आणि पारावर जागा करून दिली.

"ये, बस इथं. सांग."

पोरं उतरली, म्हाताऱ्यांनी दोर धरले. पोरगी खालून "ओढा!" म्हणायची, की पाटील ओढायचा. अगदी तळाचा धोंडा निघाला. त्याचं फडकं अजून कोरंच होतं. त्याखालून कुणीतरी श्वास सोडावा तसं पाणी वर आलं.

पाटील हळूच वाकला. "आई, ऐकतेस ना?"

"बोला," विहीर म्हणाली. आवाज पोरीचा होता. पोरगी मात्र केव्हाच वर येऊन त्याच्या शेजारी ओठ मिटून उभी होती.

तात्पर्य: तरण्यांचे नुसते हात मागू नका, त्यांचं म्हणणंही मागा. त्यांना गप्प करणारा तुमचा आवाज कुठे जात नाही, तो खाली साचतो आणि गावाचं पाणी अडवतो.