सागराचा घोट

पूर्वी शूर्पारक नगरात अमितबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सागरतीरावरील केवड्याच्या बनात, शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या योनीत जन्मला होता.

या खेकड्यांचा जन्म समुद्रात होतो आणि आयुष्य भूमीवर जाते. शैशवात ते पाण्यात पोहतात. वाढू लागले की काठावर येतात, मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख अंगावर घेतात आणि त्यानंतर त्यांना समुद्रात परतता येत नाही. ज्या पाण्याने त्यांना वाढवले, त्याच पाण्यात ते बुडून मरतात. तरीही श्वासासाठी त्यांचे कल्ले ओले असावे लागतात; म्हणून प्रत्येक जण आपल्या शंखाच्या तळाशी सागराचा एक घोट साठवून हिंडतो.

बोधिसत्त्वाचा शंख त्या बनात सर्वांत मोठा होता. त्याच्या आतल्या वेढ्यांत पाणी दीर्घकाळ टिके. बनात दूरवर, केवड्याच्या मुळाशी तो अंग मिटून बसे, तेव्हा तो खारट गारवा त्याच्या मऊ पाठीला स्पर्श करी आणि त्याला आपले तरंगते शैशव आठवे. समुद्राचे म्हणून त्याच्यापाशी एवढेच उरले होते.

एका सकाळी झाडावरून नारळ पडला आणि शुक्तिका नावाच्या लहानशा मादीचा शंख फुटला. ती वाचली, पण उघडी पडली. तिच्या पोटाशी अंडी होती. ही अंडी लाटेच्या स्पर्शानेच उमलतात आणि त्यांची घटका सायंकाळच्या भरतीची होती. शंखावाचून तोवर तिचे अंग उन्हात सुकून गेले असते. कावळे तर आधीच खाली उतरले होते.

त्याच दिवशी भरतीने एक प्रचंड शंख वाळूवर टाकला होता. अशा वेळी त्या खेकड्यांची एक रीत असे. ते नव्या शंखापाशी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत क्रमाने उभे राहत. थोरला नव्या शंखात जाई, दुसरा त्याच्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. आणि शेवटी लहान शंख सुटे, तो सर्वांत धाकट्याला मिळे. मात्र थोरला हलला नाही, तर कोणीच हलत नसे.

रांग लागली. शेवटी, ओल्या पानाखाली, शुक्तिका होती.

"थोरले, चढा की आत!" बोधिसत्त्वाच्या मागे उभा असलेला स्थूलनख म्हणाला. "मुहूर्त पाहता आहात काय?"

"याच्या पाठीला भोक आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "पाणी राहणार नाही."

"मग जाऊ नका. आपले धड घर सोडून फुटक्यात कोण जातो?"

"बोलतो पाहा कसा!" रांगेतून कोणी म्हणाले. "आणि डोळे मात्र थोरल्यांच्या शंखावरून हलत नाहीत!" सगळे हसले. स्थूलनखाने डोळे आत ओढले.

शुक्तिका पानाखालून म्हणाली, "माझ्यासाठी खोळंबू नका. तो शंख मला ओढवणार नाही, आणि कुणाचा हिसकावून मला नको. एवढेच सांगा, थोरले, पाणी किती वर आले? मला येथून दिसत नाही."

बोधिसत्त्वाने समुद्राकडे पाहिले. आजन्म त्यानेही मनोमन हाच प्रश्न विचारला होता. त्याने विचार केला, 'मी घोटभर सागर जपत बसलो, तर जे खरोखर सागरात जाऊ शकतात, ते पानाखाली सुकतील.'

"पाणी येते आहे, बाई," तो म्हणाला आणि आपल्या शंखातून बाहेर पडला. क्षणभर ऊन त्याच्या उघड्या पाठीवर निखाऱ्यासारखे लागले. मग तो फुटक्या शंखात शिरला. मागे एकापाठोपाठ एक शंख रिते झाले, भरले आणि सर्वांत लहान शंख शुक्तिकेला मिळाला.

स्थूलनख दचकून म्हणाला, "थोरले, तुमचे पाणी आत राहिले!"

"राहू दे. तुलाही बनात दूर जायचे असते."

सायंकाळी शुक्तिका लाटेपर्यंत उतरली. पाण्याचा स्पर्श होताच अंडी फुटली आणि असंख्य सूक्ष्म जीव फेसातून निघून गेले.

"एकानेही मागे पाहिले नाही," ती म्हणाली.

"आपणही पाहिले नव्हते," बोधिसत्त्व म्हणाला.

त्यानंतर तो केवड्याच्या बनात परतू शकला नाही. फुटका शंख पुनःपुन्हा ओला करावा लागे. म्हणून तो लाटेच्या काठावरच राहिला. प्रत्येक लाट त्याला एक घोट देई आणि भोकातून परत नेई. समुद्राची ओढ त्याला अखेरपर्यंत होती. समुद्र त्याच्यापाशी उरला नाही. तोच समुद्रापाशी उरला.

शूर्पारकाहून येऊन प्रव्रजित झालेला एक भिक्षू मातेच्या आठवणीने कृश झाला होता. त्याला हा वृत्तांत सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षो, तेव्हाचा स्थूलनख म्हणजे तुझ्या शेजारी बसलेला, थट्टेखोर वेणुक. शुक्तिका ही आजची तुझी माता. थोरला खेकडा मीच होतो. आणि त्या सायंकाळी मागे न पाहता जे लाटेत गेले, त्यांतील एक तू होतास."

भिक्षू अश्रू पुसू लागला. शास्ता पुढे म्हणाले, "रडण्यात दोष नाही. ओढ सरली म्हणून त्या थोरल्या खेकड्याने घर सोडले नव्हते. ओढ असतानाच सोडले. यालाच नैष्क्रम्य पारमिता म्हणतात."