हौसाआत्याची पाटी

फार वर्षांपूर्वी, बोरवंडच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि तो हवा असं कुणाला वाटतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. बोरवंडात हौसा नावाची बाई राहायची. सासर तिचं चार कोसांवरच्या उंबरठाणचं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला, आणि सासरच्यांनी हातात एक बोचकं देऊन तिला माहेरची वाट दाखवली. ती माहेरी आली आणि गावातल्या लहानथोर सगळ्यांची आत्या झाली. पाटलाचीही आत्या, आणि पाटलाच्या गड्याचीही.

त्या काळी बोरवंडात गावाचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं. सुगी झाली की प्रत्येक घर एक पाटी जोंधळा त्यात ओतायचं. तळ्याचा बांध फुटला, विहीर ढासळली, कुणाचं घर जळालं, तर त्या धान्यातून काम भागवायचं. पण पंचांना खर्चाचं भारी सुचायचं. एका वर्षी मामलेदार येणार म्हणून जेवणावळी घातल्या. मामलेदार आलाच नाही, जेवणावळी मात्र तीन दिवस उठत होत्या. दुसऱ्या वर्षी देवळाला धडधाकट कळस असताना आणखी एक कळस चढवला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातंय! मग एका पावसाळ्यात तळ्याचा बांध खरोखरच फुटला, आणि पेव उघडून बघतात तर तळाला नुसता भुसा.

तेव्हा पंच खाली मान घालून हौसाआत्याकडे आले. म्हणाले, "आत्या, आता पेव तू राख."

"राखते," आत्या म्हणाली, "पण माझ्या रीतीनं."

रीत अशी होती. गावाचं धान्य ज्याला कशावर खर्च करायचंय, त्यानं रिकामी पाटी डोक्यावर घ्यायची आणि दारोदार जाऊन काय हवंय ते सांगायचं. ज्या घराला पटेल त्यानं काहीच करायचं नाही. ज्याला पटणार नाही त्यानं पाटीत एक धोंडा टाकायचा. सगळी घरं फिरून, पाटी खाली न टेकवता, जो पेवापर्यंत पोचेल त्याच्यासाठी पेव उघडायचं. टाकलेला धोंडा परत घ्यायची मुभा होती, पण ज्यानं टाकला त्यानंच तो काढायचा.

असं म्हणतात, की त्या सालापासून पेव पुन्हा भरत गेलं. बांध झाला, विहिरीला कठडा झाला, जळलेल्या दोन घरांवर आढी चढली. तळं राखी तो पाणी चाखी, असं जग म्हणतं. आत्यानं चाळीस वर्षं तळं राखलं, आणि तहान लागली की घरी जाऊन आपल्या माठातलं पाणी प्यायली. असं माणूस गावाला मिळालं, गावाचं नशीबच म्हणायचं, दुसरं काय.

आता गोंदाजी पाटलाचं ऐका. उंबरठाणनं आपल्या वेशीला दगडी कमान बांधली आणि तिच्यावर दोन हत्ती कोरले. त्या दोन हत्तींनी उंबरठाणचं अख्खं पेव खाल्लं, असं म्हणतात. पण ते बघून आल्यापासून गोंदाजीला अन्न गोड लागेना. त्यांचे दोन, तर आपले चार हवेत, म्हणाला. आत्या म्हणाली, "घे पाटी." पाटलानं हुशारी केली. आपला पैलवान पुतण्या पाटी देऊन धाडला. आत्या पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. "कमान तुला हवीय का रे, बाबा?" पैलवान लाजून मागं फिरला. मग पाटील स्वतः निघाला. कुंभारवाड्यापर्यंत कसाबसा पोचला, आणि तिथं त्यानं पाटी टेकवली. त्या दिवशी अख्खं गाव हसलं. पाटीलही हसला, पण चार दिवसांनी.

पुढं दोन वर्षं ओळीनं पाऊस रुसला. बोरवंडनं पेव उघडलं तेव्हा पाटीत एकही धोंडा पडला नाही. थोडं वाटून शिळा पुन्हा लावली; आत पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाव जेमतेम तगेल एवढा जोंधळा होता. आणि एका सकाळी उंबरठाणची चाळीसेक माणसं येऊन शिवेवरच्या चिंचांखाली बसली. मागत काहीच नव्हती. मागणार कुठल्या तोंडानं? त्यांच्यात आत्याची थोरली जाऊ होती, जिनं ते बोचकं बांधलं होतं. तिनं मान वर केली नाही.

आत्या लांबून बघत राहिली. तिला ते बोचकं आठवलं. त्यात दोन लुगडी होती आणि एक फुटका तांब्या. लुगड्यांचं ती विसरली होती, तांब्याचा राग तिला अजून येत होता. मनात आलं, बसू देत. मग मनात आलं, भुकेला कसलं सासर नि कसलं माहेर! पेवाची राखण तिचीच होती. झाकणाची शिळा सरकवली असती तर कोण आडवं येणार होतं? पण धान्य तिचं नव्हतं. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी घरी गेली, आणि तिनं आढ्याला टांगलेली पाटी उतरवली.

दारोदार ती एवढंच सांगायची. "उंबरठाणचे लोक शिवेवर बसलेत. आपल्यातलं त्यांना द्यावं म्हणते. तुमचं काय ते तुम्ही बघा." कुणाची विनवणी नाही, कुणाला शपथ नाही. कुणी नुसते हात जोडले. कुणी डोळे चुकवून धोंडा टाकला. कुणी म्हणालं, सासरची ओढ सुटत नाही हो बायकांना! आत्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या दाराशी गेली.

गोंदाजी पाटलानं दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा आणला. "आत्या, राग मानू नकोस. माझी सून पोटुशी आहे. घरातलं संपलं तर तिला काय घालू?"

"राग कसला? तुझा हक्क आहे, टाक," आत्या म्हणाली. "जरा हळू ठेव तेवढा. मान म्हातारी आहे."

सगळी घरं झाली. पेव वीस पावलांवर राहिलं, आणि आत्याचे पाय थांबले. पाऊल पुढं टाकवेना, आणि पाटी उतरवायची तर सगळं मुसळ केरात. डोक्यावर रणरणतं ऊन. गाव भोवती जमलं. बायका रडायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "आत्या, ठेव ती पाटी! आम्ही हो म्हणतो!"

"तोंडानं म्हटलेलं चालत नाही," आत्या कशीबशी म्हणाली. "टाकलाय त्यानं काढावा."

कुणी हलेना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेवढ्यात गोंदाजीची सून सावित्रा गर्दीतून वाट काढत पुढं आली. सासऱ्यापुढं कधी न बोललेली पोर ती. म्हणाली, "मामंजी, तो धोंडा तुम्ही माझ्या नावानं टाकलात. मी काढते." आणि पाटीला हात घातला.

"थांब गं," आत्या म्हणाली. "त्यानं टाकला, त्यानंच काढायचा."

अशा वेळीसुद्धा रीत सोडायला म्हातारी तयार नव्हती! पण सुनेचे हात धोंड्याकडे गेलेले बघून गोंदाजी धावला. "अगं, तू नको उचलूस!" म्हणत त्यानं तो स्वतः काढला, छातीशी धरला, आणि तिथंच रडायला लागला. त्याच्या मागोमाग एकेक जण आला. चार धोंडे तेवढे राहिले. ज्यांनी टाकले होते ते चौघं जागचे हलले नाहीत, आणि त्यांना त्या दिवशी किंवा नंतरही कधी कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. त्या चार धोंड्यांसकट आत्या वीस पावलं चालली.

पेव उघडलं. आतली कोंदट हवा माणूस मारते, म्हणून दोन दिवस वाट बघितली, दोरानं दिवा आत सोडला, तो तेवत राहिला तेव्हा आत्या स्वतः खाली उतरली. जोंधळा गुडघाभर होता. तोवर बोरवंडच्या चुलींनी आपल्या घासातला घास काढून शिवेवर पोचवला. पुढं रोज आत्याच मोजून द्यायची. कुणी विचारलं किती उरलंय, की म्हणायची, "आहे." आषाढात आभाळ फुटलं तेव्हा पाटील खाली उतरला, तर जोंधळा गुडघाभर होता तसाच गुडघाभर. असं म्हणतात. पेवाला अंत लागला नाही म्हणतात काही, आणि काही म्हणतात, गावातल्या बायकाच आपापला पसा पहाटे गुपचूप आत सोडून येत होत्या. मला विचाराल तर दोन्ही एकच.

सावित्राला मुलगी झाली. नाव हौसा ठेवलं. आत्याची जाऊ बोरवंडलाच राहिली, आत्याच्याच घरात. दोघी म्हाताऱ्या कडाकडा भांडायच्या आणि एका ताटात जेवायच्या. उंबरठाणनं मात्र त्या सालानंतर एकाही विधवेला बोचकं बांधून दिलेलं नाही.

आत्याला जाऊन किती पिढ्या झाल्या ते कुणी सांगू शकत नाही. आता ग्रामपंचायत आहे, ठराव आहेत, शिक्के आहेत. तरी कामाचा ठराव मांडायच्या आधी बोरवंडचा सरपंच डोक्यावर पाटी घेऊन गावाला फेरी घालतो. मागं एका सरपंचाच्या पाटीत इतके धोंडे पडले, की पंचायतीच्या अंगणाची भिंत त्यातच उरकली.

आणि नवा जोंधळा दळला की पहिली भाकरी बोरवंडात कुणी घरात खात नाही. ती हातावर घेऊन बाई रस्त्याला येते, आणि पहिला जो परगावचा माणूस दिसेल त्याला देते. गाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही. आता रस्ता डांबरी झालाय, तर एसटीला हात करतात. ठेचा ठेवलेली गरम भाकरी ड्रायव्हरच्या हातात जाते. एखादा नवखा ड्रायव्हर विचारतो, "मावशी, हे कशाबद्दल?"

तेव्हा ती म्हणते, "खा बाबा. तू खाल्लंस की आमची आत्या जेवली."