खडकुंडीचा ढेकरपार

बूट काढा आणि बसा मंडळी. आज गडावर जाता येणार नाही. गड कुठे पळत नाही, आणि आज तुम्हीही पळायचं नाही. समोर कुंडाच्या काठाशी तो दगडी पार दिसतोय ना, त्याला ढेकरपार म्हणतात. हसलात? हसा, सगळेच हसतात. पण माघातला आमचा हा बसता दिवस आहे. त्या पारावरून ढेकर ऐकू येईपर्यंत खडकुंडीच्या हद्दीत कुणी कडा चढत नाही, पाण्यात उतरत नाही, झाडावर जात नाही, विळीला हात लावत नाही. पारामागची ती एक चूल सोडली तर गावात चूल पेटलेली नाही. सकाळी शिळी भाकरी आणि दही खाऊन अख्खं गाव या मैदानात मांडी घालून बसलंय. मी इथला गुरव. ढेकर येईपर्यंत हकिगत सांगतो.

फार पूर्वीची गोष्ट. खाली कोकणात उतरायला तेव्हा हा एकच घाट होता, आणि घाट कसला, नुसती घसरगुंडी. बैल घसरायचे, हमाल घसरायचे, करवंदांना गेलेल्या बाया घसरायच्या. कुणी घसरलं की वरून हाक यायची, ‘धावजी, धाव!’ हा धावजी केदारी. कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचा आणि माणूस पाठीवर घेऊन वर यायचा. दोराचं दुसरं टोक असायचं गेनबाच्या कमरेला. गेनबा त्याचा मावसभाऊ, अंगाने असा की एकदा बसला की बैलजोडीलाही हलायचा नाही, असं सांगतात. आणि धावजीची बायको कोंडाबाई तिथेच पाणी तापवून, हळद कुटून, घोंगडी अंथरून तयार. वर आलेला माणूस शुद्धीवर यायचा तिच्या हातात आणि पाया पडायचा धावजीच्या. झाडामागे पाय रोवून बसलेला गेनबा तर कुणाला दिसायचाच नाही. एका वाटसरूने त्याला बुंधा समजून, पाठीला टेकून सुपारी कातरली म्हणे.

धावजीला दुःख एकच होतं. आयुष्यात त्याने एकही ताट गरम संपवलं नव्हतं. भाकरी मोडली की हाक आलीच. त्याच्या लग्नातसुद्धा घास भरवायच्या वेळी हाक आली, आणि कोंडाबाई हातात घास धरून तशीच मांडवात बसून राहिली. त्यामुळे धावजीला चावायची सवयच उरली नव्हती. घास घेतला की गिळला आणि पळाला.

गावाला हे कळत नव्हतं असं नाही. हैबतराव पाटलांनी याच पारावर सत्काराची पंगत मांडली. भातावर वरण पडलं आणि कुणाचा तरी बैल घाटात घसरला. दुसऱ्या खेपेला पाटलांनी पक्का बंदोबस्त केला. घाट बंद, बैल दावणीला. पाटलांनी स्वतः धावजीला फेटा बांधला आणि तो कसा शोभतो ते बघायला चार पावलं मागे सरकले. मागे कुंड होतं.

धावजीने नव्या फेट्यासकट उडी मारली. पाटील वर आले, पण भात गार झाला. दात वाजत असतानाही पाटील म्हणाले, “आता सत्काराचं भाषण...”

“भाषन नगं पाटील,” कोंडाबाई म्हणाली. “त्येंच्या घशाखाली येक गरम घास उतरू द्या, मंग किती बी बोला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाठोडं बांधलं. नवऱ्याला घेऊन ती माहेरी निघाली. तिकडे सगळा सपाट मुलूख, घसरून पडायचं म्हटलं तरी माणसाला जागा मिळणार नाही. धावजीने गाठोडं डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे गाव खडबडून जागं झालं. हा गेला तर उद्या कड्याखालून आपल्याला आणणार कोण?

गाव कड्याईच्या देवळात जमलं. कौल लावणारे आमचेच पूर्वज. देवीच्या खांद्याला फूल लावलं आणि विचारलं, “धावजीला सोन्याचं कडं देऊ?” फूल हललं नाही. “शेत देऊ?” नाही. “त्याच्या नावाने चौथरा बांधू?” नाही. सगळ्यांची डोकी चालेनाशी झाली. मग भागूआजी म्हणून एक म्हातारी होती, धावजीने तीनदा दरीतून काढलेली, ती मागून ओरडली, “अरं, तिला इचारा, आपुन समदे एक दिस गप बसू का म्हनून!”

प्रश्न पुरा व्हायच्या आत फूल पडलं म्हणे. देवी वाटच बघत असावी.

तर नवस ठरला. एक दिवस गावातलं कुणी कुठलाही उपद्व्याप करणार नाही. धावजी पोटभर जेवून ढेकर देईपर्यंत जागचं उठायचं नाही. कोंडाबाईने धावजीच्या डोक्यावरचं गाठोडं खाली उतरवलं, पण सोडलं नाही. म्हणाली, “बगू.”

तो दिवस आला. गाव असंच मैदानात बसलं. न्हाव्याने वस्तरा घरी ठेवला, भांडखोर सासवा-सुनांना दूर दूर बसवलं. कोंडाबाईने पुरणाची दिंडं उकडली, त्यावर तुपाची धार सोडली. धावजीने वाफाळतं दिंड उचललं आणि थांबला.

“हाक आली का गं?”

“न्हाई. जेवा.”

“मंग यवढं गप का समदं?”

इतकी शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती. तो घाबरला, आणि सवयीने अख्खं दिंड एका दमात गिळलं. ते घशात अडकलं. आवाज बंद, डोळे बाहेर, तोंड काळंनिळं.

मैदानातून सगळ्यांना दिसत होतं. पण उठावं तर नवस मोडतो, आणि न उठावं तर धावजी जातो. गाव घाबरून गेलं. आणि घाबरल्यावर पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलं तेच त्याने केलं. सगळे एका आवाजात ओरडले, “धावजी, धाव!”

आणि धावजी उठला हो! घशात दिंड, जीव जातोय, आणि हा गडी दोर शोधत कड्याकडे धावायला निघाला.

“गेनूभाऊजी,” कोंडाबाई किंचाळली, “वढा!”

गेनबा तिथेच पारामागे, चुलीसाठी लाकडं घेऊन उभा होता. ‘ओढा’ म्हटलं की काय करायचं एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्याने धावजीला मागून कव घातली, मुठी पोटात रुतवल्या आणि दोराला द्यायचा तसा हिसका दिला. दिंड उडालं ते थेट हैबतराव पाटलांच्या फेट्यावर. आणि पाठोपाठ धावजीच्या पोटातून असा ढेकर निघाला की खाली कोकणात लोकांनी वाळवणं आत घेतली, असं सांगतात.

नवस फिटला. गाव उठून पारापाशी आलं, आणि त्या दिवशी बऱ्याच जणांनी गेनबाचं तोंड पहिल्यांदा बघितलं. धावजी रडत होता. म्हणाला, “मी हाकंला जातो, पर मला हाक लागली तर कोन, ह्ये कंदी मनात बी आलं न्हवतं.” मग त्याने गेनबाला आपल्या पाटावर बसवलं, शेजारी कोंडाबाईला बसवलं, आणि पाटलांना म्हणाला, “आता तुमी वाढा.” पाटलांनी दिंडं केली. ती फुटकी झाली, पण गरम होती. त्या संध्याकाळी कोंडाबाईने गाठोडं सोडलं.

आजही बसत्या दिवशी पाटलांच्या घरचे पुरुष दिंडं करतात. पारावर बसतात रुग्णवाहिकेचे चालक, आगीच्या बंबावरची माणसं, कड्याखाली उतरणारी पोरं. पण पहिली पानं मांडतात ती वर दोर धरणाऱ्यांची, दवाखान्यात खाट तयार ठेवणाऱ्या सिस्टरबाईंची, आणि हाकेचा फोन उचलणाऱ्या त्या मुलीची, जिचा नुसता आवाज सगळ्यांना ठाऊक असतो. आजच्यापुरतं त्यांचं काम शेजारच्या तालुक्यातले लोक सांभाळतात. ते बघा, वाढायला लागले. आणि ती बघा, फोनवाली मुलगी, घास हातात धरून थांबलीय. कान रस्त्याकडे. दर वर्षी कुणाचं तरी असं होतंच. आता गाव काय म्हणेल ते ऐका, आणि तुम्हीही आमच्याबरोबर म्हणा, मोठ्याने, म्हणजे तिच्यापर्यंत पोचेल: “आम्ही सगळे बसलोय. जेवा.”