घाण्याची घंटा

ज्या वर्षी किल्ल्यावरची मोठी तोफ फुटली, त्या वर्षीच्या आश्विनातली ही गोष्ट. दिवाळी दारात आली होती.

एका गावात एक तेली होता. त्याचा लाकडी घाणा दिवसभर फिरे. बैलाच्या गळ्यात पितळी घंटा होती. घंटा वाजते तोवर घाणा चालतो, हे सगळ्या गावाला ठाऊक.

बैल हाकायला एक सोळा वर्षांचा पोरगा कामाला होता. त्याचा बाप अंथरुणाला खिळलेला. पोरगा रात्रभर बापाच्या उशाशी जागे आणि सकाळी घाण्यावर येई.

तेल्याची आई ओसरीवर बसे. तिला दिसत नसे, पण कान तिखट. तिने बजावले होते, "पोरगा पुन्हा झोपला तर घरी धाडायचा. सणाचे दिवस आहेत."

घरी धाडले असते, तर बापाचे औषध बंद झाले असते.

एका दुपारी करडईचा वास दाटला होता. ऊन पिवळे, मऊ होते. पोरगा घाण्याच्या आडव्या लाकडावर बसल्या बसल्या कलंडला आणि झोपला. बैल थांबला.

तेली बाहेर आला. त्याने पोराकडे पाहिले. बैल हाकला असता तर पोरगा खाली पडला असता. त्याने हळूच बैलाच्या गळ्यातली घंटा सोडली आणि हाताने वाजवली.

"बैल उभा आहे रे," ओसरीवरून आई म्हणाली.

"माशी बसली होती. मान हलवतोय."

"चालल्याचा नाद वेगळा. मला शिकवू नकोस."

तेल्याने घंटा स्वतःच्या गळ्यात बांधली आणि तो चालू लागला. बैलाला वळसा घालून, घाण्याभोवती, गोल गोल. घंटा पावलागणिक वाजू लागली. म्हातारीने मान डोलावली.

पोराने एकदा अर्धवट डोळे उघडले. बैल उभा राहून रवंथ करत होता आणि मालक घंटा वाजवत फिरत होता. उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. आपण स्वप्नात आहोत असे त्याला वाटले. तो पुन्हा झोपला.

संध्याकाळी मालकाच्या मानेवर दोरीचा लाल वळ दिसला. पोरगा काय ते समजला. मालकाने घंटा पुन्हा बैलाच्या गळ्यात बांधली.

वर्षे गेली. पोरगा शहरात गेला, कष्टाने वर आला. त्याचे स्वतःचे घाणे झाले. लोक त्याला शेठ म्हणू लागले. एका दिवाळीला राजाचा निरोप आला: किल्ल्यावरचा पहिला दिवा या वर्षी तुमच्या हातून लागावा. असा मान जन्मात एकदाच मिळतो.

शेठ पालखीतून निघाला. वाटेत जुने गाव लागले. घंटा ऐकू आली, पण शेठच्या कपाळाला आठी पडली. हा चालत्या बैलाचा नाद नव्हता.

त्याने पालखी थांबवली. दारात तेल्याचा नातू हाताने घंटा हलवत बसला होता. आतून म्हाताऱ्या तेल्याचा क्षीण आवाज आला, "बैल उभा आहे."

तेलीण बाहेर आली. "बैल मेला, घाणा बंद पडला. तेव्हापासून घंटेच्या नादावाचून यांचा डोळा लागत नाही. वैद्य म्हणाले, आज झोप लागली तर तरतील."

"उद्या शहरातून बैल धाडतो, काकू."

"उद्या?" एवढेच ती म्हणाली.

भोई म्हणाला, "मालक, सूर्यास्ताला किल्ल्याचा दरवाजा बंद होतो. तुम्ही पुढे व्हा, मी इथे फिरतो घंटा बांधून."

"तुझ्यासाठी कोणी फिरले नव्हते," शेठ म्हणाला.

त्याने पागोटे उतरवून नातवाच्या हाती दिले. घंटा गळ्यात बांधली. बंद घाण्याभोवती तो चालू लागला.

गाव जमले. कोणी म्हणाले, "शेठचा बैल झाला की." कोणी म्हणाले, "झापड लावा, म्हणजे शोभेल." शेठने मान वर केली नाही. पावलांची लय मोडली नाही.

आत म्हाताऱ्याने कान दिला. बराच वेळ दिला.

"चालला," तो पुटपुटला. "चालला बैल." आणि त्याचे डोळे मिटले.

सूर्य मावळला. लांब किल्ल्यावर पहिला दिवा लागला. तो दुसऱ्या कोणी लावला होता. शेठला तो चालता चालता दिसला, धुक्यातल्या ताऱ्यासारखा. तो फिरत राहिला.

सकाळी म्हातारा काठी टेकत दारात आला. शेठच्या मानेवर दोरीचा लाल वळ होता. म्हाताऱ्याने तो पाहिला. त्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला.

तात्पर्य: ज्याने आपल्यासाठी पाय झिजवले, त्याचे ऋण आपल्याच पायांनी फेडावे.